जाते, शिधापत्रिका आणि वाढते वजन : महाराष्ट्रातील आहार व श्रम यांच्या स्थित्यंतराचा ऐतिहासिक विचार

मराठीत भरलेल्या अंगाविषयी जे वाक्प्रचार रूढ आहेत, त्यांतील बहुतेकांचा सूर कौतुकाचा आहे. मूल बाळसे धरते, लग्नानंतर मुलगी अंगाने भरते, आनंद झाला की अंगावर मूठभर मांस चढते, आणि सोयरीक जमविताना घर खातेपिते आहे की नाही हे आधी पाहिले जाते. उलट रोडावणे, हडकणे, खंगणे, पोट पाठीला लागणे या शब्दप्रयोगांत चिंता आहे. ही भाषा शतकानुशतकांच्या टंचाईत घडली. दुष्काळ ज्यांच्या स्मरणात होता अशा समाजाने मेदाला संपत्ती मानावे, यात नवल नाही. नवल आहे ते हे की, दोन-तीन पिढ्यांच्या अवधीत त्याच समाजापुढे नेमका उलटा प्रश्न उभा राहिला.

प्रश्नाचे स्वरूप आकड्यांतून स्पष्ट होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत (२००५-०६) ज्यांचा शरीर-वस्तुमान निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक आहे, अशा १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांचे प्रमाण देशात १२.६ टक्के होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ते २४ टक्के झाले. पुरुषांच्या बाबतीत हेच प्रमाण ९.३ वरून २२.९ टक्क्यांवर गेले. शहरांतील स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश, तर ग्रामीण स्त्रियांपैकी सुमारे एक पंचमांश या गटात मोडतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आणि पोटाच्या स्थूलतेचे प्रमाण ३९.५ टक्के आहे. ग्रामीण एक पंचमांश हा आकडा विशेष विचार करण्यासारखा आहे. स्थूलता हा शहरी सुखवस्तूंचा रोग आहे, ही समजूत त्याने मोडीत काढली आहे.

या वाढीचे नेहमीचे स्पष्टीकरण नैतिक स्वरूपाचे असते. लोक जास्त खाऊ लागले, आळशी झाले, जिभेवर ताबा राहिला नाही, असे आपण व्याख्यानांतून आणि शिक्षक-खोलीतील गप्पांतूनही ऐकतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, हे स्पष्टीकरण ऐतिहासिकदृष्ट्या टिकत नाही. ज्या दशकांत स्थूलता वाढू लागली, त्याच दशकांत भारतीयांचे दरडोई उष्मांक सेवन, उपलब्ध सर्वेक्षणांनुसार, घटत होते. तेव्हा आहाराचा इतिहास श्रमाच्या इतिहासाशी जोडल्याखेरीज या प्रश्नाचा उलगडा होणे कठीण आहे. आणि जे श्रम नाहीसे झाले त्यांचा मोठा भाग घरातील स्त्रियांचा असल्यामुळे त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात झालेली नाही.

दुर्बल देहाची चिंता

स्थूलतेची जाण आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 'अष्टौनिन्दितीय' अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश यांचा एकत्र विचार आहे आणि दोहोंपैकी स्थूलता अधिक कष्टसाध्य मानली आहे. प्रमेहाच्या कारणांमध्ये बैठकीचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची गणना केली आहे. या यादीत अन्नाच्या आधी आसनाचा उल्लेख यावा, हे लक्षणीय आहे. मात्र हा रोग मूठभरांचा होता. शेतकरी, बलुतेदार आणि मजूर यांना तो होण्याचा प्रसंगच नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील सुशिक्षितांना ग्रासणारी चिंता तर पूर्णपणे दुसऱ्या टोकाची होती. इंग्रजी शिक्षणाने तरुणांचे देह खचले आहेत आणि राष्ट्र दुबळे झाले आहे, ही त्या काळची तक्रार. टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यासापेक्षा प्रकृती कमावण्यात घालविले, ही हकिकत याच वातावरणातील आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कोल्हापुरात उभारलेले खासबाग मैदान, १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी केलेला सूर्यनमस्काराचा प्रचार, या सर्वांमागे देह कमावण्याची कल्पना होती, घटविण्याची नव्हती. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. व्यायाम ही ज्यांना श्रम करावे लागत नव्हते त्यांची गरज होती. नांगर धरणाऱ्याला किंवा पहाटे पायली दळणाऱ्या बाईला कोणी सूर्यनमस्काराचा उपदेश केला नाही, आणि करण्याचे कारणही नव्हते.

आहारशास्त्राची आधुनिक सुरुवातही याच चिंतेतून झाली. कुन्नूर येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९२० च्या दशकात उंदरांना भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील आहार देऊन त्यांची वाढ मोजली. गहू आणि दुधावर वाढलेला शिखांचा आहार सर्वोत्तम आणि भातावरचा मद्रासी आहार निकृष्ट, असा निष्कर्ष त्यातून निघाला. गव्हाला प्राप्त झालेल्या प्रतिष्ठेत अशा संशोधनाचाही वाटा असावा, असे वाटते. त्यांच्यानंतर डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि अन्न मोजण्याची एक भाषा शासनाच्या हाती आली.

उष्मांकांचा हिशेब

स्वतंत्र भारताच्या शासनाने भूक उष्मांकांत मोजली. या मोजणीचा इतिहास बराचसा पुण्यात घडलेला आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दररोज दरडोई २,२५० उष्मांक हा निकष वापरला होता. पां. वा. सुखात्मे यांनी भारतीयांमधील प्रथिनांची उणीव ही बहुतांशी एकूण अन्नाच्या उणिवेचाच परिणाम आहे, असे मांडले, आणि व्यक्तीची गरज ही एकाच ठाम आकड्यात बांधता येत नाही, असाही आग्रह धरला. दांडेकर-सुखात्मे वाद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्याचा येथे उल्लेख करण्याचे प्रयोजन इतकेच की, दोन्ही पक्षांच्या मांडणीत पोट भरण्याला अग्रक्रम होता, आणि त्या काळाच्या संदर्भात तो योग्यच होता.

नियोजन आयोगाच्या कार्यगटाने १९७९ मध्ये ग्रामीण भागासाठी २,४०० आणि नागरी भागासाठी २,१०० उष्मांक असा निकष ठरविला. खेड्यातील माणसाला तीनशे उष्मांक अधिक का? कारण तो अधिक श्रम करतो, हे त्या निकषातले अध्याहृत गृहीत होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची कोष्टके हेच अधिक स्पष्टपणे दाखवितात. दीर्घकाळ वापरात असलेल्या तिच्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या स्त्रीची दैनंदिन गरज १,८७५ उष्मांक, मध्यम श्रमाची २,२२५, आणि कष्टाच्या कामाची २,९२५ अशी होती. म्हणजे एकाच वजनाच्या दोन स्त्रियांच्या गरजेत केवळ श्रमामुळे हजार उष्मांकांहून अधिक फरक पडू शकत होता.

आता या कोष्टकाशेजारी राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे ठेवून पाहू. अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी २००९ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखविले की, ग्रामीण भारतातील दरडोई उष्मांक सेवन १९८३ मध्ये २,२४० होते, ते २००४-०५ मध्ये २,०४७ वर आले. प्रथिनांचे सेवनही घटले. वाढ झाली ती फक्त स्निग्ध पदार्थांत : ग्रामीण भागात सुमारे २७ ग्रॅमवरून ३५ ग्रॅमपर्यंत. उत्पन्न वाढत असताना लोक कमी का खाऊ लागले, या कोड्याचे एक संभाव्य उत्तर त्यांनी श्रमाच्या घटत्या पातळीत शोधले.

या आकड्यांना मर्यादा आहेत. हे दरडोई सरासरीचे आकडे असून त्यांत मुले आणि वृद्ध यांचाही समावेश आहे, आणि घराबाहेर खाल्लेल्या वड्या-भज्यांची मोजदाद अशा पाहणीत नेहमीच अपुरी होते. तरीही एवढे म्हणता येईल की, सरासरी सेवनात सुमारे दोनशे उष्मांकांची घट झाली, आणि मध्यम श्रम सोडून बैठ्या कामाकडे वळलेल्या स्त्रीची गरज साडेतीनशेंनी कमी होते. खाणे कमी झाले, पण कष्ट त्याहून अधिक कमी झाले. उरलेली शिल्लक कमरेवर जमा झाली.

भाकरीकडून पोळीकडे

महाराष्ट्राच्या पठारावरील रोजचे जेवण म्हणजे ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, तिच्याबरोबर आमटी, पिठले, पालेभाजी किंवा नुसता ठेचा. कोकणात भात आणि नाचणी, खानदेशात कळण्याची भाकरी, पूर्व विदर्भात पुन्हा भात. गव्हाची पोळी सणावारी किंवा पाहुण्यांसाठी. आपल्या पाककृतींच्या पुस्तकांवरून या रोजच्या जेवणाचा अंदाज येत नाही. १९७० च्या 'रुचिरा'पर्यंतची ही परंपरा मुख्यतः मध्यमवर्गीय घराची आणि खास पदार्थांची आहे, कारण भाकरी कशी थापावी हे पुस्तकात वाचण्याची गरज कोणालाच नव्हती.

या रचनेला पहिला मोठा धक्का दुसऱ्या महायुद्धाने दिला. मुंबईत १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले आणि कोणते धान्य खावयाचे हा निर्णय प्रथमच घराबाहेर गेला. पुढे १९५६ च्या करारान्वये 'पीएल ४८०' योजनेखाली अमेरिकेचा गहू येऊ लागला. १९६६ च्या दुष्काळी वर्षात आयात धान्य सुमारे एक कोटी टनांवर गेले. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग यांची स्थापना झाली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या साहाय्याने शासकीय 'मॉडर्न बेकरीज' सुरू झाली. म्हणजे कापलेला पाव शहरी न्याहारीत आणण्यात खुद्द शासनाचा हात होता. हरितक्रांतीनंतर हमीभावाने खरेदी झालेला गहू आणि तांदूळ हाच सार्वजनिक वितरण व्यवस्थेचा कणा ठरला. ज्वारीला त्यात नाममात्र स्थान मिळाले.

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी माणसे 'मिलो' आणि 'सुकडी' हे दोन शब्द हमखास उच्चारतात. मिलो ही परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. ती खाताना लोकांनी नाके मुरडली, पण खाल्ली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. खडी फोडून आणि पाझर तलावांची माती वाहून मिळालेल्या मजुरीवर त्यांनी ते वर्ष काढले. या पिढीला शिधापत्रिकेवरचा गहू ही कृपा वाटली असेल तर त्यात चूक काय? शिवाय ज्वारीचे पीठ टिकत नाही, भाकरीला आधण ठेवावे लागते, एकेक भाकरी तळव्याने थापावी लागते. पोळ्यांची कणीक भिजवून ठेवता येते आणि डब्यात पोळी मऊ राहते. कामावर जाणाऱ्या स्त्रीला पोळी सोयीची वाटली, ही चव बिघडल्याची खूण नसून वेळेच्या हिशेबाची आहे.

परिणाम शेतीत दिसतो. देशातील ज्वारीखालील क्षेत्र १९७०-७१ मध्ये सुमारे १.७ कोटी हेक्टर होते. ते अलीकडे पन्नास लाख हेक्टरांच्याही खाली आले आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असा दर ठरविला, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळते. कागदावर भरडधान्य सर्वांत स्वस्त होते, पण दुकानात पोत्यांतून आले ते गहू-तांदूळच. खुल्या बाजारात चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग असते. गरिबाचे धान्य सुखवस्तूंचे पथ्य झाले आहे.

तेल आणि साखर

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गव्हाला सर्व दोष देणे सोपे आहे, पण पोळी आणि भाकरी यांच्या उष्मांकांत फारसा फरक नाही. खरा बदल पोळीबरोबरच्या आणि पोळीबाहेरच्या अन्नात झाला.

घाण्यावरचे शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल घरात मोजून वापरले जाई. १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आले. ते मुंबईत शिवडीच्या कारखान्यात तयार होई. तुपाची नक्कल करणाऱ्या या वनस्पतीने तळणे प्रथमच स्वस्त केले. १९५० च्या दशकात देशातील खाद्यतेलाचा वार्षिक दरडोई वापर तीन किलोंच्या आसपास होता. अलीकडे तो एकोणीस किलोंच्या पुढे गेला आहे. या प्रवासातील निर्णायक टप्पा १९९४ चा. १९८६ च्या तेलबिया अभियानाने देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, आणि काही वर्षांतच गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येऊ लागले. बिस्किटे, फरसाण, वेफर्स, नूडल्स आणि हातगाडीवरची कढई या सर्वांचे अर्थकारण पामतेलाने बदलले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून कुटुंबांना तेलाचा वापर दहा टक्क्यांनी घटविण्याचे आवाहन केले. हेतू चांगलाच आहे. परंतु घराघरातली तेलाची बुधली ज्या आयातधोरणाने भरली, ते धोरण घराघरात ठरले नव्हते.

साखरेची कथा अधिक मराठी आहे. ब्रिटिश काळात दख्खनमध्ये नीरा आणि प्रवरा यांसारखे कालवे खोदले गेले ते दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून. प्रत्यक्षात त्या पाण्यावर ऊस आला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. सहकारी साखर कारखानदारीने ग्रामीण महाराष्ट्राला शाळा, महाविद्यालये आणि दवाखाने दिले, हे त्यांपैकी अनेक संस्थांत अध्यापन करणाऱ्या वर्गाला सांगावयास नको. तिने साखरही दिली. शिधापत्रिकेवर साखर आली, आणि चहाच्या प्रसारामुळे ती दिवसातून चार-पाच वेळा पोटात जाऊ लागली. शेतमजुराच्या दृष्टीने गोड चहा हा भूक मारण्याचा स्वस्त उपाय होता. कष्ट संपले, चहा मात्र राहिला.

या सर्वांचे एकत्रित रूप पाहावयाचे असेल तर वडापाव पुरेसा आहे. मैद्याचा पाव, बटाटा, बेसन आणि कढईतले तेल. मुंबईत १९६० च्या दशकात दादर परिसरात तो प्रथम विकला गेल्याचे सांगतात. तो गिरणगावाचे अन्न होता. पाळीवरून सुटलेला, उभ्याने आठ तास माग चालविलेला कामगार तो खात असे, आणि घामाने त्याचा हिशेब चुकता होत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि त्यांच्या जागी पुढे काचेच्या इमारती आल्या. वडापाव तोच राहिला. आता तो संगणकापुढे बसून खाल्ला जातो. २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण कुटुंबांचा पेये, फराळ व प्रक्रियायुक्त अन्नावरील खर्च एकूण खर्चाच्या ९.६२ टक्के, तर तृणधान्यावरील खर्च ४.९१ टक्के आढळला. ज्या देशाने दारिद्र्यरेषा धान्याच्या आधारे आखली, त्या देशातील खेड्यांचा हा आकडा आहे.

नाहीसे झालेले श्रम

पुरुषांच्या श्रमातील बदल दिसतो, कारण तो रस्त्यावर आणि शेतावर घडला. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. १९७२ मध्ये 'लूना' आली, आकुर्डीच्या कारखान्यातील स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबले, आणि १९९१ नंतर थांबावे लागेनासे झाले. शेतात मोटेच्या जागी पंप आणि बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला.

स्त्रियांच्या श्रमातील बदल याहून मोठा असूनही तो उंबऱ्याच्या आत घडला. जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, रहाट, धुण्याचा दगड, सरपणाची मोळी, डोक्यावरचे हंडे ही यादी वाचतानाच दमछाक व्हावी. पिठाची गिरणी, नळ, गॅस, मिक्सर यांनी एकेक करून ती संपविली. या श्रमांचे आकडे कोणी ठेवले नाहीत. त्यांचे एकमेव विस्तृत दप्तर म्हणजे जात्यावरच्या ओव्या. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. संकलन सुरू झाले तेव्हा अनेक गावांत जाते अडगळीत पडले होते आणि बायका ओव्या केवळ आठवून सांगत होत्या. साहित्याचे अभ्यासक या ओव्यांकडे भक्ती आणि माहेर यांसाठी पाहतात. आहाराच्या इतिहासकाराने त्यांकडे कष्टाची साक्ष म्हणूनही पाहावे.

जाते गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. जात्यावरचे जीवन सुंदर होते असे ज्यांना वाटते, त्यांनी बहुधा ते ओढलेले नसते. त्या कष्टांची किंमत स्त्रियांनी कशी मोजली, याचा पुरावा पुण्याच्या आसपासच्याच खेड्यांतून मिळाला आहे.

पुण्याजवळची सहा खेडी

पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या अपत्यांचा अभ्यास सुरू केला. या माता सरासरीने एकवीस वर्षांच्या आसपासच्या होत्या आणि त्यांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोंच्या घरात होते. जन्मसाल काढून पाहिले तर त्यांतील बहुतेक १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेल्या असणार. त्यांच्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. परंतु त्वचेखालील चरबी मोजली असता पुण्याची बाळे तितकी मागे नव्हती. स्नायू कमी, चरबी राखलेली, असा त्यांचा देह होता. याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली : ज्या स्त्रियांना गरोदरपणात शेतीचे व पाणी भरण्याचे जड काम करावे लागले, त्यांची बाळे अधिक लहान होती.

वजनाचा निर्देशांक भारतीय देहाविषयी किती अपुरे सांगतो, हे याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यूडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःच्याच उदाहरणाने दाखविले. दोघांचाही निर्देशांक २२.३, मात्र एकाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि दुसऱ्याच्या २१.२ टक्के. अधिक चरबी कोणाची, हे सांगण्याची गरज नाही. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी अतिवजनाची मर्यादा २३ आणि स्थूलतेची २५ वर आणली, त्यामागे हे आणि असे इतर संशोधन होते.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात जे दिसते ते असे. टंचाईत वाढलेल्या आईच्या पोटी, टंचाईसाठीच जणू तयार झालेला देह जन्माला आला, आणि तो वयात येईपर्यंत आजूबाजूला शिधापत्रिकेवरचा गहू, स्वस्त पामतेल, साखरेचा चहा आणि दुचाकी आली. हाच समूह अठरा वर्षांचा झाला तेव्हा त्यातील अनेक तरुण कृश असूनही त्यांच्या रक्तातील साखर लक्षणीय प्रमाणात वाढलेली आढळली. त्यांना जिभेवर ताबा ठेवण्याचा उपदेश करणे हे अज्ञानाचे लक्षण ठरेल. कृशता आणि स्थूलता ही समाजाची दोन टोके नसून एकाच घराण्याच्या सलग पिढ्या असू शकतात. कधीकधी एकाच देहाची दोन अंगे.

वेळेचा प्रश्न

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. आपल्या महाविद्यालयांतूनही पाककृती स्पर्धा झाल्या, नाचणीचे लाडू आणि ज्वारीचे थालीपीठ यांना पारितोषिके मिळाली. भाकरीकडे परत चला, चालावयास जा, घरचे खा, या तिन्ही सूचना वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहेत. मात्र भाकरी कोणी थापावयाची आणि चालावयास वेळ कोठून आणावयाचा, हे प्रश्न त्यांत अनुत्तरित राहतात.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. म्हणजे जाते, उखळ आणि मोळी जाऊनही घरकामाचे पाच तास उरलेलेच आहेत. घाम गेला, वेळ मोकळा झाला नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्यांचे प्रमाण भारतीय पुरुषांत सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आढळले. पाच तास ओट्याजवळ उभी असलेली स्त्री सांख्यिकीच्या भाषेत निष्क्रिय ठरते, आणि संध्याकाळी मैदानावर फेऱ्या मारणारा तिचा नवरा सक्रिय.

शहरांत आता गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रे आहेत आणि त्यांतील काहींच्या पाटीवर ज्वारीच्या भाकरीचा दर पोळीच्या वर लिहिलेला असतो. आतल्या बाजूला चुलाण्यासमोर भाकऱ्या थापणाऱ्या बहुतेक स्त्रिया दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या आहेत. गिऱ्हाईक पथ्यासाठी भाकरी नेते. त्या स्त्रियांच्या घरी शिधापत्रिकेवरचा गहू-तांदूळ शिजतो.